मदत हवी आहे: गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारे समुपदेशक, गेवराई-माजलगाव भाग

नमस्कार मंडळी. आमचा तांडा गेवराई तालुक्यात. वहिनी बाळंतपणानंतर चार महिने झाले गप्प गप्प असते, झोप नाही, लेकराला जवळ घेत नाही. याडी (आई) म्हणते बाहेरचं आहे, भगताकडं दोन खेटे झाले. मी हट्टानं जिल्ह्याला मानसोपचार ओपीडीत नेलं. डॉक्टर भले वाटले, पण विचारणार मराठीत, वहिनीचं मन मोकळं होणार गोरमाटीत. मधे दुभाषा मी, धाकटा दीर! माझ्यासमोर ती काय सांगणार? नुसती मान हलवली, गोळ्या घेऊन परत.

१४४१६ वर, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीतही बोलतात. पण अडचण तीच, भाषेची.

बीड किंवा छत्रपती संभाजीनगरात गोरमाटी येणाऱ्या बाई समुपदेशक, नर्स, कुणी आहे का? ओळखीची आशाताई असली तरी चालेल, निदान दुभाषा म्हणून बसेल.

दुसरं, दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात जाणार. उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, मुकादम थांबत नाही. तिकडच्या सरकारी दवाखान्यात इथल्या कागदावर गोळ्या मिळतात का? कुणी घेतल्या असतील तर सांगा. आणि कृपा करून देवऋषाचे पत्ते पाठवू नका.