शाळेत व्यसनविरोधी तास: पैसे द्यावेत का?

सुपारीबाग
आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्डे, लाडघरच्या पुळणीवर चरसाची पाकिटं वाहून आली, तेव्हापासून पालकसभेत दुसरा विषय नाही. आता एका संस्थेने प्रस्ताव दिलाय: सातवी ते नववी, वर्षाला आठ तास, मुलामागे ६० रुपये. मुलं १८०, म्हणजे १०,८०० रुपये. पालक-शिक्षक संघाच्या खात्यात जेमतेम तेवढेच आहेत. मी संघात आहे. माझं मत, द्यावेत. एक पोर जरी वाचलं तरी पैसे वसूल. शनिवारी सभा आहे, विरोध असेल त्यांनी आत्ताच बोला.

खाडीपलीकडे
ताई, "एक जरी वाचलं तरी" म्हटलं की कुठलाही खर्च पास होतो. वाचतं का, हे आधी बघा.
अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसला 'डेअर' सुरू झालं. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ड्रग्जपासून लांब राहायला शिकवायचा. देशभर पसरलं, टी-शर्ट वाटले, पालक खूश. केंटकीत सहावीला हे तास झालेली मुलं विसाव्या वर्षी पुन्हा गाठली, तेव्हा ती आणि तास न झालेली यांच्या व्यसनांत फरक सापडला नाही. हे १९९९ साली छापून आलंय. संस्थेचा माणूस आठ तास काळी पडलेली फुप्फुसं दाखवणार असेल, तर त्या पैशांत ग्रंथालयाचं कपाट घ्या.

आकडेमोड
खाडीपलीकडे, अर्धीच गोष्ट सांगितलीत. 'डेअर' पडलं ते भाषणबाजीमुळे. मुलांना बोलतं करणारे, मित्राने पुडी पुढे केली तर काय म्हणायचं याची तालीम घेणारे कार्यक्रम थोडेफार चालतात. 'थोडेफार'च म्हणतोय, चमत्कार नाही. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा चांगल्या कार्यक्रमांचा हिशेब मांडला: विद्यार्थ्यामागे खर्च १५० डॉलर, समाजाचा फायदा ८४० डॉलर. आणि गंमत ऐका, त्यातला मोठा वाटा तंबाखू आणि दारू कमी झाल्याचा. गांजाचा वाटा अगदीच किरकोळ.
म्हणजे चरसाच्या पाकिटांना घाबरून तास ठेवणार, आणि उपयोग होणार तो तंबाखूवर. माझी काही हरकत नाही.

मालवणी तिखट
बाबानू, शाळेत काय ता शिकवा, पण गेटाभायर टपरी आसा तिचा काय? सहावीतल्या पोराक पुडी खंय गावता ता बरोबर माहीत आसा. गुटखो २०१२ पासून बंद म्हणे. हसाक येता.

बाईंची वही
मी वीस वर्षं हायस्कूलला शिकवते. (शाळा सांगणार नाही.) खर्च म्हणजे नुसते १०,८०० नव्हेत. आठ तास जातात ते माझ्या गणिताचे, कारण पीटीचा तास कुणी सोडत नाही. तरीही मी तासांच्या बाजूने आहे. कारण सांगते.
नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात मावा सापडला. पालकांना बोलावलं, सगळ्यांसमोर झापलं, आणि महिन्याभरात दाखला हातात दिला. दिवाळीनंतर तो मला जेटीवर दिसला, ट्रॉलरवर बर्फ चढवत होता. "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणाला. तोंडात मावा होताच. त्याच्याशी नीट कसं बोलायचं, हे आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं. ते तास मुलांआधी आम्हा शिक्षकांचे घ्या.

खाडीपलीकडे
बाई, हे पटलं. पण मग बाहेरचा माणूस कशाला? बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत एक खेळ घेतला. वर्गाचे गट पाडायचे, जो गट कमी नियम मोडेल तो जिंकला. ड्रग्जचं नावही काढलं नाही. तरी त्यातले मुलगे मोठे झाल्यावर त्यांच्यात व्यसनाधीनता कमी आढळली, त्यातही जे पहिलीत जास्त दांडगट होते त्यांच्यात. वर्ग चालवला वर्गाच्याच शिक्षकांनी. म्हणून म्हणतो, नववीत भाषण म्हणजे वरातीमागून घोडं.

सुपारीबाग
पहिलीला खेळ घ्या म्हणणं सोपं आहे हो. माझा मुलगा आठवीत आहे, त्याला परत पहिलीत कसा बसवू?
पण दोन मुद्दे उचलले. एक, संस्थेला विचारणार की आठांपैकी किती तासांत मुलं बोलणार आणि किती तासांत तुम्ही. शिवाय त्यातले दोन तास शिक्षकांसाठी मागणार. नाही म्हणाले तर माझंही मत बदलेल. दुसरा मुद्दा टपरीचा. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही, म्हणजे ९१ मीटर. अंतर मोजून ग्रामपंचायतीला अर्ज देऊ, त्याला ६० रुपये लागत नाहीत.

आकडेमोड
मोजाच. अठराखालच्या मुलाला विकणं तर कुठेही गुन्हा आहे, अर्जात तेही घाला.

बंदरावरचा
इतका वेळ नुसता वाचत होतो. मी याच गावचा. टेप माझ्याकडे आहे, शनिवारी सकाळी येतो. फक्त आधीच सांगून ठेवतो, टपरी माझ्या मावसभावाची आहे.