मदत हवी आहे: बॅकअप टेप पावसाळ्यात कुठे आणि कशा ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात रोजचा बॅकअप, म्हणजे संगणकातल्या डेटाची जादा प्रत, एलटीओ-८ टेपवर (डेटा साठवायची चुंबकीय फीत) होतो. सोमवार ते गुरुवार रोजची टेप, शुक्रवारी आठवड्याची, महिनाअखेरची वेगळी. आठवड्याची टेप महिन्याने पुन्हा वापरात येते. महिनाअखेरची मात्र पुसायची नाही, कारण कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात.

खरी काळजी जागेची आहे. सध्या सगळ्या टेप तळमजल्यावरच्या तिजोरीत असतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, त्यामुळे तळमजला मला मुळीच पटत नाही. शिवाय ती तिजोरी कागदांसाठीची आहे. आगीत तिच्यात आतलं तापमान पावणेदोनशे अंशांच्या आसपास गेलं तरी कागद टिकतात, टेप नाही. टेपसाठीच्या तिजोरीत ते साधारण ५२ अंशांच्या आत राहायला हवं.

म्हणून एक संच ठाण्याच्या शाखेत हलवायचा विचार आहे. तिथे रात्री एसी बंद असतो आणि जुलैतला दमटपणा तुम्हाला ठाऊकच आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल पुरेल का, की डीह्युमिडिफायर लागेलच? टेप माणसाबरोबर लोकलने पाठवता की कुरिअरने? एन्क्रिप्शन (किल्ली, म्हणजे सांकेतिक कोड, नसेल तर टेपवरचा डेटा वाचता येत नाही) चालू आहे. त्याची किल्ली कुठे ठेवता? आणि जुनी टेप रिस्टोअर करून कितीदा तपासता?

मुंबईत प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याआधी सोय लावायची आहे.