वजनाचं ऑपरेशन करणाऱ्याने पाच वर्षांच्या फॉलो-अपची हमी द्यावी का?

खाडीपार
थेट मुद्दा मांडतो. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलला पुढच्या किमान पाच वर्षांच्या तपासण्यांची जबाबदारी लेखी घ्यायला लावावी. सर्जन सोडून गेले तर पेशंट कोणाच्या ताब्यात दिला, हेही कळवायला लावावं.

कारण घरातलंच आहे. ताईची गॅस्ट्रिक बायपास (यात जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे जीवनसत्त्वं कमी शोषली जातात) मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात झाली. वजन उतरलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पहिलं वर्षभर कोऑर्डिनेटरचे फोन यायचे, डाएटिशियन ताटाचे फोटो मागवायची. मग सर्जन दुसरीकडे गेले. हॉस्पिटल म्हणतं, तो विभाग आता आमच्याकडे नाही. सर्जनच्या नव्या ठिकाणी गेलो तर काउंटरवर उत्तर मिळालं, ‘ऑपरेशन इथलं नाही, नवीन पॅकेज घ्यावं लागेल.’

आता चालताना ताईच्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि तिला पत्ताच नसतो. मागून येणारं कोणीतरी हाक मारून सांगतं. डोंबिवलीतले आमचे डॉक्टर म्हणाले, जुनी शुगर, नसा गेल्या असतील. शेवटी नसांना लागणारं जीवनसत्त्व बी-१२ आम्हीच हट्टाने तपासून घेतलं, तर इतकं कमी की लॅबने आकडाच दिला नाही, नुसतं ‘अमुकपेक्षा कमी’. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी एकच ओळ आहे: नियमित फॉलो-अप. कोणाकडे, ते लिहिलेलं नाही.

शस्त्रपाणी
ताईंबद्दल वाईट वाटलं, पण बंधन एकतर्फी होतंय. मी ठाण्यात जनरल सर्जरी करतो, वजनाची ऑपरेशनं करत नाही, तेव्हा धंद्याची बाजू घेतोय असं समजू नका. हे पेशंट तिसऱ्या महिन्यात येतात, सहाव्या महिन्यात केस गळतात म्हणून घाबरून येतात, वर्षाने ‘लग्नात कोणी ओळखलं नाही’ हे सांगायला पेढे घेऊन येतात. त्यानंतर गायब. फोन केला तर ‘डॉक्टर, मी एकदम मस्त’. आणि तेव्हा ते खरंच मस्त असतात, कारण यकृतातला बी-१२चा साठा दोन-तीन वर्षं सहज निभावून नेतो. जो यायलाच तयार नाही त्याची हमी सर्जनने कशी द्यायची?

खाडीपार
डॉक्टर, तुम्ही माझंच म्हणणं सांगितलंत. त्रास सुरू होणार तिसऱ्या वर्षी आणि फोन बंद होणार पहिल्या वर्षी. त्यात ताई शाकाहारी, म्हणजे साठा मुळातच तुटपुंजा. हे ऑपरेशनच्या आधी माहीत नव्हतं का?

माहीमची_मासोळी
माझीही बायपासच. माझे सर्जन आता कुठे बसतात मला ठाऊक नाही आणि त्यावाचून अडलेलंही नाही. दर वर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवते. फॅमिली डॉक्टरांना सांगून ठेवलंय की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मला द्यायच्या नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतो. बी-१२ लिहून घ्यायला मोठ्या सर्जनच्या केबिनबाहेर दोन तास कशाला बसायचं? पोट आपलं, तपासण्याही आपणच करायच्या. नाहीतर महापालिकेची केईएम, सायन, नायर आहेतच. केसपेपर काढा, अर्धा दिवस जाईल, पण काम होईल.

खाडीपार
तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं? तुमच्याच टीमने ना? आमच्याकडे वेदनाशामकांबद्दल चकार शब्द कोणी काढला नाही. आणि डोंबिवलीहून परळला अर्धा दिवस नाही, रजा जाते.

हिशेबनीस
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. विमा नियामक ‘इर्डाय’ने २०१९मध्ये नियम घातल्यापासून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असेल, किंवा निदान ३५ असून हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांसारखा आजार असेल, तर ऑपरेशनचा खर्च पॉलिसीत बसू शकतो. पण घरी आल्यावरचा खर्च बहुतेक पॉलिसी ६० किंवा ९० दिवसच देतात. पुढे सगळी ओपीडी, म्हणजे स्वतःचा खिसा. पाच वर्षांची हमी सक्तीची केली तर हॉस्पिटल ती पॅकेजच्या भावात घालणार. मग ज्यांना आज कसंबसं परवडतं ते बाहेर फेकले जातील. हेच हवंय का?

परळचा_पारा
भाव खरा तरी कळेल! आज अर्धाच सांगतात. २०१७मध्ये इजिप्तच्या इमान अहमद वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आल्या तेव्हा क्रेन, कॅमेरे, रोज किती किलो उतरले याच्या बातम्या. पुढच्या उपचारांवरून बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला नेलं, सप्टेंबरमध्ये त्या वारल्या. लोकांच्या लक्षात राहिले किलो.

शस्त्रपाणी
ते उदाहरण इथे आणू नका. त्यांना लहानपणीच पक्षाघात झालेला, शिवाय दुर्मिळ जनुकीय दोष होता. त्यावरून बाकीच्यांचा निवाडा होत नाही.

मासोळीताईंना मात्र एक सांगतो. बी-१२ फॅमिली डॉक्टर सांभाळतील, हे मान्य. पण थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. ऑपरेशननंतर सतत उलट्या होणारा पेशंट नाक्यावरच्या दवाखान्यात गेला आणि त्यांनी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर डोळे फिरणं, तोल जाणं, भ्रम असं मेंदूवर येऊ शकतं. तिथे ‘आपणच करायचं’ उपयोगाचं नाही, समोरच्या डॉक्टरला माहीत असावं लागतं. म्हणून पाच वर्षांची हमी मला पटत नसली तरी कोणतं ऑपरेशन केलं, आतडं किती वळवलं, काय द्यायचं नाही, काय कधी तपासायचं, याचं एक पान डिस्चार्ज कार्डाला जोडलंच पाहिजे. त्याला पैसे पडत नाहीत.

खाडीपार, ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं त्याची नोंद, मागून घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमावलीनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. दाखल पेशंटचे कागद तीन वर्षंच जपायचं बंधन आहे, तेव्हा उशीर करू नका.

माहीमची_मासोळी
थायमिनचं माहीत नव्हतं. ताईंची बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली का? कागद नंतर.

खाडीपार
झाली, परवापासून. न्यूरोलॉजिस्टचीही वेळ घेतलीय. कागदांचा अर्ज सोमवारी देतो. एक पान हवंच, पण ते वाचून फोन कोणाला लावायचा? हिशेबनीस, भाव वाढला तर वाढू दे, ऑपरेशनच्या आधी पूर्ण आकडा तरी समोर येईल.

हिशेबनीस
आकडा बघून ताईंनी ऑपरेशन केलंच नसतं, तर आज शुगर कितीवर असती?

शस्त्रपाणी
आणि हमी घालणारच असाल, तर न येणाऱ्या पेशंटला दंडाचंही कलम घाला.