टेक्ससमध्ये तेवढा वेळ मिळत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत हप्ते थकले तरी घर जायला दोन-तीन वर्षं लागतात, घाबरू नका. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत असं होतं खरं, कारण तिथे बँकेला कोर्टात दावा लावावा लागतो. न्यूयॉर्कात तर आधी ९० दिवसांची नोटीस, मग कोर्टात तडजोडीची बैठक. पण कृपा करून हा हिशेब टेक्ससला लावू नका.

आमच्याकडे बहुतेक गृहकर्जांना कोर्ट लागतच नाही. राहत्या घराचा हप्ता १२० दिवसांहून जास्त थकेपर्यंत सहसा जप्ती सुरू करता येत नाही, हा केंद्राचा नियम सगळीकडे आहे. त्याउपर टेक्ससचा कायदा देतो काय? थकबाकी भरायला २० दिवस, लिलावाची नोटीस २१ दिवस आधी. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव, की संपलं. नंतर पैसे घेऊन गेलात तरी गृहकर्जात गेलेलं घर सोडवून घ्यायचा हक्क नाही.

आमच्या शेजाऱ्यांकडे अशा नोटिशीचं रजिस्टर्ड पाकीट फ्रिजवर तसंच पडून होतं. भीतीपोटी फोडलंच नाही. फोडलं तेव्हा लिलावाला नऊ दिवस उरले होते.

म्हणून पाकीट आलं त्याच दिवशी फोडा. कर्जात सवलतीचा अर्ज सगळ्या कागदांसकट लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचला, तर त्यावर निर्णय होईपर्यंत कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांना लिलाव करता येत नाही. म्हणजे २१ दिवसांच्या नोटिशीची वाट बघत बसलात, तर ती वेळ टळलेली असते.