मदत हवी आहे: रेषेचा मध्य आणि वाचनाची दिशा

मी सोलापुरात नववीला विज्ञान शिकवते. मुलांच्या प्रकल्पाच्या मांडणीबद्दल सल्ला हवा आहे.

आडव्या रेषेचा मध्य नुसत्या नजरेने ठरवून खूण करायला सांगितली, तर निरोगी माणसांची खूणही सरासरीने किंचित डावीकडे पडते. बॉवर्स आणि हाइलमन यांनी १९८० मध्ये याला ‘स्यूडोनिग्लेक्ट’ म्हटले. लक्ष देण्यात मेंदूच्या उजव्या गोलार्धाचा वाटा मोठा, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. पण वाचनाच्या दिशेचाही परिणाम दिसतो. आमच्या शहरात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, म्हणून हीच तुलना घेतली.

आतापर्यंत: एका कागदावर २० सेंमीची एकच रेषा, कागद छातीच्या बरोबर समोर, सगळी मुले उजखुरी, खूण दोन्ही हातांनी वेगवेगळी. चष्मा असेल तर घातलेला. मध्यापासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये, डावीकडचे ऋण. मराठी गट डावीकडे झुकतो. उर्दू गटाचे आकडे फार विखुरलेले. खरी अडचण इथेच आहे: ती मुले मराठी-इंग्रजीही वाचतात, आकडेही डावीकडून लिहितात. म्हणजे फक्त उजवीकडून वाचणारा गट मिळणारच नाही.

संगणक नाही, कागद-पेन्सिलच. पालकांची संमती घेतली आहे.

आधीच खूण केलेली रेषा दाखवून ‘कोणता भाग लहान?’ असे विचारले, तर हाताचा परिणाम निघून जातो. पण वाचनाच्या दिशेचा परिणाम त्यात दिसेल का, आणि अशा चाचणीत खूण मध्यापासून किती मिलिमीटर सरकवावी?