जुन्या कुरणात पुढच्या मृगाला रताळी लावायची आहेत, आतापासून काय करू?

माळकरी, खानापूर तालुका
नमस्कार मंडळी. आमचा एक एकर माळ आहे. लाल माती, थोडा उतार, खाली ओढा. आजोबांपासून तो गुरांसाठीच राखलेला, नांगर कधी लागलाच नाही. आता गोठ्यात दोनच म्हशी उरल्यात, एवढं गवत लागत नाही. यंदाचं कापून गंजी रचून झालीय. पुढच्या मृगाला रताळ्याचे वेल लावायचं मनात आहे. हरळी खूप माजलीय, खालच्या अंगाला लव्हाळाही आहे. ट्रॅक्टरवाला म्हणतो, मे महिन्यात दोनदा रोटाव्हेटर मारतो, झालं काम. जाणत्यांनी सांगा की, एवढ्यावर भागेल का?

जांबोटी रोडची काकू
दादा, मे पर्यंत थांबू नका आणि हरळीत रोटाव्हेटर तर घालूच नका. हरळीचं एकेक पेर तुटलं की तिथून नवी हरळी फुटते, सगळं रान भरून जाईल. पाऊस ओसरलाय, खाली ओल आहे, तोवरच पलटी नांगराने खोल नांगरून घ्या. ढेकळं फोडू नका, तशीच उन्हात तापू देत. शिवरात्रीच्या सुमाराला पुन्हा नांगरा आणि दाताळ्याने हरळीच्या काशा, म्हणजे मातीतल्या पेरांच्या कांड्या, ओढून रानाबाहेर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा उपाय नाही. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या एका नांगरटीत जात नाहीत. वळीव पडून कोंब वर आले की कुळव, परत आले की परत कुळव.

मला गवतापेक्षा हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची, जास्त काळजी वाटते. वर्षानुवर्षं न नांगरलेल्या गवताच्या मुळांवर ती निवांत पोसते. नांगरायच्या आधी चार-पाच ठिकाणी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डे काढून माती हाताने चाळून बघा. तपकिरी डोक्याची, वाकडी पांढरी अळी जागोजागी सापडली तर पहिल्या वर्षी रताळी नकोच. वेल वरून हिरवेगार दिसतात आणि काढणीला बघावं तर रताळ्याला भोकं. तसला माल बेळगावच्या मार्केटात कोण घेणार? त्याऐवजी जूनमध्ये ताग पेरा, फुलं यायला लागली की, साधारण दीड महिन्यात, गाडून टाका. मग उरलेल्या ओलीवर हुलगे घ्या. रान हलकं होतं, पुढच्या साली रताळी मनासारखी धरतात.

आणि कळकळीने सांगते, सगळा एकर एकदम मोडू नका. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आजवर गवताच्या मुळांनी ती माती धरून ठेवलीय. नांगर, सऱ्या, सगळं उताराला आडवं घ्या. ओढ्याकाठची पट्टी गवताचीच राहू दे, माती अडेल आणि म्हशींनाही ओला चारा होईल.

कडोलीचा शेतकरी
काकूंचं पटलं. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की दिवेलागणीनंतर हुमणीचे भुंगेरे बाभूळ, बोर, कडुलिंबावर जमतात. फांद्या हलवून पाडा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या बांधवाल्यांनाही बोलवा. कच्चं शेण रानात नको, त्यात हुमणी वाढते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, मिसळून टाका.

आणखी एक, खत घालायच्या आधी मातीचा नमुना तपासणीला द्या. आपली लाल माती आंबट असते, चुना लागेल का ते तिथेच कळेल. युरियाची घाई करू नका. कुजलेल्या गवताचं नत्र रानात असतंच, वरून जास्त दिलं तर नुसता वेल माजतो.

माळकरी, खानापूर तालुका
काकू, दादा, फार उपकार झाले. ट्रॅक्टरवाल्याला रोटाव्हेटर नको, पलटी नांगर घेऊन ये म्हणून फोन केला. ओढ्याकाठची पट्टी सोडतोय, आईला तर ते फारच आवडलं. खड्डे रविवारी काढतो, हुमणी किती निघते ते इथेच लिहीन. तागाचं बी शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मिळतं का?

जांबोटी रोडची काकू
आताच जाऊन नाव सांगून ठेवा आणि मे अखेरीला परत विचारा. पाऊस लागल्यावर गेलात तर बी संपलेलं असतं.