पायलिंगच्या गाळातून शिंपल्या आणि लाकूड निघालंय, वय कसं काढायचं?

शिवडीकर७१:
नमस्कार मंडळी. आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट चालू झालंय शिवडीला, गेल्या आठवड्यात पायलिंगचं (पायाच्या खांबांसाठी जमिनीत खोल भोकं पाडायचं) मशीन लागलं आणि वरची भरणी संपल्यावर खालून काळाकुट्ट चिकट गाळ यायला लागला, वास अगदी ओहोटीला खाडीचा येतो तसा. त्यात भरपूर तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या), थोडी कालवं आणि हाताएवढं एक काळं पडलेलं लाकूड. दोन घमेली मी बाजूला काढून ठेवली, बाकी सगळं डंपरमधून गेलं. साइटवरचा इंजिनीअर म्हणतो कार्बन डेटिंग करून घ्या, खालच्या दगडाचंही वय त्यातच कळेल. खरंच असं होतं का? आजोबा सांगायचे की आपल्या घराखाली समुद्र होता, तो कधी होता हे कळलं तर मला फार बरं वाटेल.

कातळवाला:
दादा, पहिलं म्हणजे तो गाळ धुऊ नका. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी कोणीतरी स्वच्छ धुतलेला शिंपला घेऊन येतं, कुठल्या खोलीवरचा विचारलं की माहीत नसतं, मग वय काढूनही त्याचा काही उपयोग राहत नाही. मुंबईत भरणीत खाडीतली वाळूसुद्धा टाकलेली सापडते, तेव्हा शिंपला जुना असेल पण तो तुमच्या घराखालीच जगला का हा वेगळा प्रश्न. पायलिंगचं मशीन थर कालवून टाकतं. त्याआधी सॉइल टेस्टिंग झालेलं असणारच, त्याचा बोअरलॉग मागून घ्या, कुठे काय लागलं ते मीटरप्रमाणे लिहिलेलं असतं.

आता दगडाचं. कार्बन-१४ म्हणजे सजीवात असणारा किरणोत्सारी कार्बन, मेल्यावर तो कमी होत जातो आणि त्यावरूनच वय काढतात. त्याची हाफ लाइफ, म्हणजे निम्मा संपायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, त्यामुळे साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतकं काही उरतच नाही. मुंबईचा कातळ सहा कोटी वर्षांहून जुना, शिवाय लाव्हारसात मोजायला सेंद्रिय कार्बन कुठला. त्याला पोटॅशियम-आर्गॉनच्या जातीची पद्धत लागते, त्यात दगडातल्या पोटॅशियमपासून किती आर्गॉन वायू तयार झाला ते मोजतात.

शिंपल्याचं वय काढता येतं पण एक खोट आहे. झाड हवेतला कार्बन घेतं, तिसरी समुद्राच्या पाण्यातला, आणि समुद्राचा कार्बन आधीच जुना असतो, जगाची सरासरी धरली तर आजची जिवंत शिंपलीसुद्धा सुमारे ४०० वर्षांची दिसते. अरबी समुद्रात मान्सूनच्या वाऱ्यांनी ओमान-सोमालियाकडे खोलचं जुनं पाणी वर येतं म्हणून इथे त्याहून जास्त वजावट करावी लागते. म्हणून तुमचं लाकूड मला शिंपल्यांपेक्षा मोलाचं वाटतं. त्याला साल शिल्लक आहे का बघा, सालीलगतचं वलय म्हणजे झाडाचं शेवटचं वर्ष, गाभा घेतला तर वय उगाच जास्त येईल.

खाडीकाठची:
मी वरळी कोळीवाड्यातली. भाऊ, तिसऱ्यांची दोन्ही झाकणं मिटलेली आहेत का बघा. मिटलेली असली तर ती चिखलात जागच्या जागी मेली, वाहून आली असती तर झाकणं सुटी झाली असती. कालवं मात्र खडकाला नाहीतर दुसऱ्या शिंपल्याला चिकटून असतात, ती भरतीबरोबर आलेली असू शकतात. सर, एक विचारू का, पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, ते शिंपल्यात कुठे कळतं का?

कातळवाला:
ताई, कळतं, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. पाण्यात दोन प्रकारचा ऑक्सिजन असतो, हलका १६ आणि जड १८. पावसाच्या पाण्यात जड कमी, समुद्रात जास्त. तिसरी कवच वाढवते तेव्हा त्या त्या वेळच्या पाण्याचा ऑक्सिजन त्यात बंद होतो, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने वाढीच्या रेषांच्या क्रमाने पावडर काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर (हलके-जड अणू वेगळे मोजणारं यंत्र) लावली की जड ऑक्सिजनच्या आलेखात प्रत्येक पावसाळ्याला एक खड्डा दिसतो. उष्णतेनेही जड ऑक्सिजनचा आकडा खाली येतो, साधारण चार अंशांना एक प्रति हजार, पण आपल्या समुद्राचं तापमान वर्षभरात काहीच अंश बदलतं, त्यामुळे खाडीच्या शिंपल्यातला मोठा खड्डा बहुतेक गोड्या पाण्याचाच. एका तिसरीत तेव्हाचे दोन-तीन पावसाळे मिळाले तरी खूप झालं.

आणि शिवडीकर, आजोबा बरोबर होते पण त्याच्याही आधी तिथे जमीन होती. २० हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे, तिथे पाणी सुमारे ७५ मीटर, म्हणजे तेव्हा तिथे चालत जाता आलं असतं. तुमच्या जवळच प्रिन्सेस डॉक खणताना, १८८० ला तो सुरू व्हायच्या आधी, पाण्याच्या पातळीखाली खैराची झाडं मुळांसकट उभी सापडली होती. खैर काही खाऱ्या पाण्यात उगवत नाही.

शिवडीकर७१:
हे वाचून अंगावर काटा आला. बोअरलॉग मिळाला, २.८ मीटरपर्यंत भरणी, मग ९ मीटरपर्यंत मरीन क्ले, मग मुरूम, मग कातळ. गाळाच्या एका ढेकळात दोन तिसऱ्या मिटलेल्या सापडल्या, आणि लाकडाला एका बाजूला साल आहे! उद्या पुढचं पाइल आहे, सुट्टी टाकून उभा राहतो आणि खोली लिहून घेतो. लाकूड ओलं आहे, वाळवू का?

कातळवाला:
वाळवू नका, तडकेल. ओलंच फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, बुरशी लागली तर तो आजचा कार्बन मिसळतो. फेव्हिकॉल, वॉर्निश काही लावू नका. एएमएसला (कार्बन-१४ चे अणू थेट मोजणारी पद्धत) मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेला किंवा दिल्लीच्या आययूएसीला (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) आधी लिहून विचारा. आणि खोलीची चिठ्ठी पुडीच्या आत घालू नका, कागदही कार्बनच, बाहेरून चिकटवा.